ढील

संक्रांतीच्या दिवसांत नागपूर-गोंदियाकडच्या गच्च्यांवर पतंग उडवणारी जोडी असते. एकाच्या हातात मांजा असतो आणि दुसरा त्याच्यामागे चक्री धरून उभा राहतो. चक्री धरणं हे बहुतेक घरांत धाकट्याच्या वाट्याला येणारं काम, त्याला कोणी खेळाडू म्हणत नाही. पण पेच लागला की पुढचा ओरडतो, ‘ढील दे, ढील!’ तेव्हा चक्री बोटांवर सरसर फिरली तर पतंग वाचतो, आणि अडकली तर मांजा तुटतो. पतंग काटणाऱ्याचं नाव होतं, वाचवणाऱ्याचं होत नाही.

हीच मुलं उन्हाळ्यात नदीवर दिसतात. किरनापूर हे बालाघाट जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. राज्य मध्य प्रदेश, पण बाघ नदी ओलांडली की महाराष्ट्राचा गोंदिया जिल्हा लागतो. पोवारी, हिंदी आणि मराठी एकाच ओट्यावर बोलल्या जातात. नदीचा खरा धंदा ढिवरांचा. त्यांचे डोंगे आणि फेकजाळी पिढ्यान्‌पिढ्यांची. पोरांकडे असते ती गरी. बांबूची काठी मिळाली तर ठीक, नाहीतर पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली, तिच्यावर गुंडाळलेला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, टोकाला गळ, शिशाचा तुकडा आणि गांडूळ. गरी फेकताना मुलगा बाटली गळ्याशी धरतो आणि तिचा तळ पाण्याकडे रोखतो. शिसं उडतं आणि तंगुसाचे वेढे बाटलीच्या टोकावरून एकामागून एक सुटत जातात. बाटली जागची हलत नाही.

चक्री फिरून दोरा सोडते. बाटली न फिरता सोडते. जगात मासेमारीची जितकी रिळं विकली जातात, त्यांतली बहुतेक या दोनपैकी एका घराण्यातली आहेत. या प्रकरणात आपल्याला त्या रिळाकडे बघायचं आहे. ते भरवशाचं कधी असतं, दगा कुठे देतं आणि का देतं? त्यासाठी आधी असा मासा हवा, जो रिळाची रोज परीक्षा घेतो. तो किरनापूरला मिळत नाही. त्याच्यासाठी नदीबरोबर खाली जावं लागेल.

पाण्याची वाट

बाघ नदी वैनगंगेला मिळते. वैनगंगा शिवनी जिल्ह्यात मुंडारा गावाजवळ उगम पावते, बालाघाटातून गोंदिया-भंडाऱ्यात उतरते आणि पवनीजवळ गोसीखुर्दच्या भिंतीशी थबकते. त्या धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. पुढे चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या सीमेने जाऊन ती वर्धा नदीला भेटते, दोघींची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. किरनापूरपासून मुंबईचा समुद्र सरळ रेषेतही आठशे किलोमीटरच्या वर आहे, बंगालचा उपसागर पाचशेच्या वर. पावसाळ्यात बाघ नदीचं गढूळ पाणी जो गाळ वाहून नेतं, त्यातला धरणांतून निसटलेला भाग आंध्रच्या किनाऱ्यावर गोदावरीच्या मुखाशी जाऊन बसतो.

असा गाळ आणि वाळू यांचा तळ म्हणजे चपट्या माशांचं घर. इंग्रजीत ज्यांना फ्लाउंडर, सोल, हॅलिबट म्हणतात ते सगळे या एकाच गोत्रातले. आपल्या कोकणात लेप, गोव्यात लेपो. भिंतीवर शेणामातीचा लेप बसावा तसा हा मासा तळाला चिकटून पसरलेला असतो, त्यामुळे नाव ऐकताच चित्र उभं राहतं. लेपाच्या कुळाचं शास्त्रीय नाव सायनोग्लॉसस, अर्थ ‘कुत्र्याची जीभ’. त्याचा मोठा भाईबंद म्हणजे भाकस, शास्त्रीय नाव सेटोडेस एरुमेई. त्यातल्या ‘एरुमेई’मागे तमिळमधली ‘एरुमै’ म्हणजे म्हैस आहे. तमिळ कोळ्यांना हा मासा म्हशीच्या जिभेसारखा वाटला. एकाला कुत्रा दिसला, दुसऱ्याला म्हैस, पण जीभ दोघांनाही दिसली.

सरकलेला डोळा

चपटा मासा अंड्यातून बाहेर येतो तेव्हा चारचौघांसारखाच असतो. उभा पोहतो आणि दोन्ही बाजूंना एकेक डोळा असतो. काही आठवड्यांत त्याच्या डोक्याची कवटी पिळवटू लागते आणि एक डोळा सरकत सरकत डोक्याच्या माथ्यावरून पलीकडच्या बाजूला, दुसऱ्या डोळ्याच्या शेजारी येऊन बसतो. मग मासा कुशीवर आडवा होतो आणि आयुष्यभर तसाच राहतो. खालची बाजू पांढुरकी राहते. वरच्या बाजूला रंगपेशी असतात आणि त्या आकसून-फैलावून तळाचा रंग घेतात. वाळूवर तो वाळू होतो, खडीवर खडी. पंखांच्या कडा हलवून तो अंगावर वाळूची चादर ओढून घेतो. दोन डोळे तेवढे बाहेर.

या डोळ्याने चार्ल्स डार्विनलाही छळलं होतं. सेंट जॉर्ज मायव्हर्ट या त्याच्या टीकाकाराने विचारलं की अर्ध्या वाटेवर अडकलेल्या डोळ्याचा माशाला काय फायदा? आणि फायदा नसेल तर हा बदल टप्प्याटप्प्याने कसा झाला? डार्विनने आपल्या उत्क्रांतीवरच्या ग्रंथाच्या १८७२ सालच्या सहाव्या आवृत्तीत उत्तर दिलं, पण त्याच्याकडे मधल्या टप्प्याचा पुरावा नव्हता. तो मिळाला २००८ साली. मॅट फ्रीडमन या संशोधकाने इटलीतल्या बोल्का इथले सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीचे, संग्रहालयांत पडून असलेले जीवाश्म नव्याने तपासले. त्यांत पूर्ण वाढलेल्या माशांचा एक डोळा खरोखरच अर्ध्या वाटेवर होता. आपला भाकसही या बाबतीत जुन्या वळणाचा आहे. त्याचा सरकलेला डोळा जवळजवळ माथ्याच्या कडेवरच थांबतो. शिवाय काही भाकस डाव्या कुशीचे असतात, तर जवळपास तितकेच उजव्या कुशीचे. लेपात अशी मोकळीक नाही, त्याचे दोन्ही डोळे डावीकडेच.

मासेमारीच्या दृष्टीने दोघांतला मोठा फरक तोंडाचा आहे. लेपाचं तोंड बारीक आणि वाकडं. तो तळातले किडे आणि लहान कोळंबीवर्गीय जीव टिपतो. गळाला तो सहसा लागत नाही, ट्रॉलच्या जाळ्यात किंवा किनाऱ्यावरच्या रापणीत सापडतो. मग त्याची कातडी सोलून, रव्यात घोळून तो तव्यावर पडतो. भाकसाचं तोंड मोठं आणि दात तीक्ष्ण असतात. तो दबा धरून बसणारा शिकारी आहे. समोरून आमिष गेलं की वाळू उडवून झडप घालतो. फ्लाउंडरचंही तसंच. म्हणून हे मासे गळाने मारता येतात, पण सहसा होडीतून आणि एका विशिष्ट पद्धतीने.

वाहती होडी

कोकणात गळाने मासे धरण्याला ‘गरवणं’ म्हणतात आणि गळाला गरी. बाघ नदीच्या काठावर आणि मालवणच्या धक्क्यावर, मधे अख्खा महाराष्ट्र असूनही, शब्द एकच आहे. कृती मात्र बदलते. नदीकाठचा मुलगा बसतो आणि माशाची वाट बघतो. दबा धरून बसलेल्या चपट्या माशाच्या बाबतीत हे उलट करावं लागतं. मासा बसलेला असतो, म्हणून आमिषाने चालायचं.

त्याची सोपी युक्ती म्हणजे होडीचं इंजिन बंद करायचं आणि तिला भरती-ओहोटीच्या ओढीवर सोडून द्यायचं. ताशी दीड-दोन किलोमीटरचा वेग उत्तम, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी. दोर सोडायचा, शिसं तळाला टेकलं की थांबवायचा. होडी वाहते आणि शिसं वाळूतून टप्पे खात मागे येतं. प्रत्येक टप्प्याला वाळूचा छोटा ढग उठतो. त्याच्या हातभर मागे आमिष तरंगत येतं. वाळूत पुरलेल्या दोन डोळ्यांना आधी ढग दिसतो, मग आमिष.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, न्यू जर्सीपासून खाली, उन्हाळी फ्लाउंडरची मासेमारी अशीच चालते. तिथली मराठी वस्ती आता मोठी आहे. तिकीट काढून पन्नासेक अनोळखी माणसांबरोबर अशा होडीच्या कठड्याला टेकून उभं राहणं हा तिथला सुट्टीतला सर्वसाधारण उद्योग आहे. आपल्या किनाऱ्यावर हौशी गरवणाऱ्यांचे गट वाढत आहेत, पण इथली गरज अजून बहुतांशी पोटाची आहे, आणि १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंदच असते. किरनापूरच्या बाजूलाही मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नदीत जाळं टाकता येत नाही. समुद्र असो की नदी, पावसाळा माशांच्या विणीचा.

वाहत्या होडीत रिळावर काय येतं ते बघा. तळ सपाट नसतो. दहा मीटरवर शिसं टेकलेलं असताना होडी खोलगट भागावर जाते, तेव्हा दोर लगेच सोडावा लागतो. उंचवटा आला की गुंडाळावा लागतो. दिवसभरात हे शेकडो वेळा. दोर ओला, त्याच्याबरोबर खारं पाणी आणि तळाची बारीक वाळू रिळावर येते. गळ एखाद्या खडकात अडकला तर अख्ख्या होडीचं वजन त्या दोरावर येतं. आणि मासा लागला की? चपटा मासा लांब पळत नाही, तो आडवा होतो. परातीला दोर बांधून ती पाण्यातून वर ओढून पाहा, म्हणजे कळेल. एक-दीड किलोचा मासा तीन-चार किलोचा वाटतो. होडीजवळ आला की परात एकदम कलते आणि तो सरळ खाली सूर मारतो. बहुतेक मासे सुटतात ते याच क्षणी.

चक्रीचं घराणं, बाटलीचं घराणं

रिळाचं सर्वांत जुनं प्रसिद्ध चित्र चीनमधलं आहे. मा युआन या चित्रकाराचं, सुमारे ११९५ सालचं. हिवाळी तळ्यात एक एकटा माणूस लहानशा होडीत वाकून बसला आहे आणि त्याच्या काठीला चक्री लावलेली आहे. मूळ चित्र आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. इंग्लंडमध्ये टॉमस बार्करच्या १६५१ सालच्या पुस्तकात काठीवर बसवलेल्या रहाटाचा उल्लेख येतो. हे सगळं चक्रीचं घराणं. दोर सुटताना रीळ स्वतः फिरतं.

या घराण्यात मोठी भर घातली एका घड्याळजीने. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या केंटकी राज्यात जॉर्ज स्नायडरने मूठ आणि रीळ यांच्यामध्ये दातेरी चाकं बसवली. मूठ एकदा फिरली की रीळ अनेक वेळा फिरतं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे जमावं, यात नवल नाही. पण चक्रीचा एक दोष राहिला. गळ फेकताना शिसं हवेत मंदावतं, पण फिरायला लागलेलं रीळ मंदावत नाही. सुटलेला दोर जायला जागा नसते आणि रिळावर पाखराच्या घरट्यासारखा गुंता होतो. पतंगाची चक्री धरणाऱ्या प्रत्येक धाकट्याला हा अनुभव आहे. पतंग थांबतो, चक्री थांबत नाही, आणि मग शिव्या.

उपाय निघाला कापडाच्या धंद्यातून. इंग्लंडच्या ब्रॅडफर्डमध्ये लोकरीच्या गिरण्या होत्या. तिथला आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ हा गिरणीवाला. मागावर बॉबिन जागच्या जागी राहतं आणि सूत त्याच्या टोकावरून सुटत जातं, हे त्याच्या रोजच्या डोळ्यांसमोर होतं. त्याने रीळ आडवं न लावता टोक पाण्याकडे करून लावलं, स्थिर ठेवलं आणि दोर गुंडाळायला त्याच्याभोवती फिरणारा हात बसवला. १९०५ साली त्याने पेटंट घेतलं. आज दुकानात ‘स्पिनिंग रीळ’ म्हणून जे मिळतं ते त्याचंच नातवंड. आणि नदीकाठी बाटलीचा तळ पाण्याकडे रोखून उभा असलेला मुलगाही हेच करत असतो, फक्त त्याच्या बाटलीला दातेरी चाकं नसतात.

तिसरी गोष्ट सायकलची नातलग. मूठ पुढे फिरते, पण मासा ओढतो तेव्हा उलटी फिरता कामा नये. सायकलच्या मागच्या चाकात हीच व्यवस्था असते. पायडल मारलं की चाक फिरतं, पाय थांबले तरी चाक पुढे जात राहतं, ते काम फ्रीव्हीलचं. जपानच्या साकाई शहरात शिमानो हा कारखाना १९२१ साली सुरू झाला आणि त्याचं पहिलं उत्पादन फ्रीव्हीलच होतं. १९७० च्या सुमारास तो रिळांकडे वळला, हा योगायोग म्हणता येणार नाही. एकाच दिशेने फिरू देणारी कळ ज्याच्या हातात बसली आहे, त्याला रिळाचं निम्मं कोडं सुटलेलं असतं.

घड्याळ, माग आणि सायकल. रिळातल्या एकेका कल्पनेचं नातं दुसऱ्या कोणाच्या तरी दुकानाशी आहे. उरला चौथा भाग, आणि भरवशाचा प्रश्न खरा तिथेच आहे.

ढील म्हणजे किती?

नवखा माणूस रीळ विकत घेताना मूठ फिरवून बघतो. किती हलकं फिरतं, दोर किती वेगाने येतो. हिशेब सोपा आहे. रिळाचा व्यास साडेचार सेंटिमीटर आणि दात्यांचं प्रमाण पाचास एक असेल तर मुठीच्या एका फेऱ्यात सुमारे सत्तर सेंटिमीटर दोर आत येतो. पण मासा सुटतो तो दोर आत येताना नव्हे. तो सुटतो ते दोर बाहेर जायला हवा होता आणि गेला नाही तेव्हा.

दोर बाहेर सोडणाऱ्या भागाला ड्रॅग म्हणतात. आपण त्याला ढीलच म्हणू. आत चकत्यांची चळत असते. धातूची एक, मऊ एक, पुन्हा धातूची. वरची टोपी आवळली की चकत्या एकमेकींवर दाबल्या जातात. दोराला ठरावीक ताण आला की त्या घसरतात आणि रीळ दोर सोडू लागतं. जुन्या काळी मऊ चकती चामड्याची असे, नंतर फेल्टची आली, आता चांगल्या रिळांत कार्बन तंतूंची असते. साधा नियम असा आहे की, दोर जितक्या वजनाला तुटतो त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शावर ढील सुटायला हवी. चार किलोचा तंगूस असेल तर ढील एक किलोवर.

एवढी कमी कशाला? कारण तीन गोष्टी तिला गुपचूप वाढवत असतात.

पहिली म्हणजे रिकामं होणारं रीळ. दोर बाहेर गेला की रिळावरच्या वेढ्यांचा व्यास कमी होतो. चकत्यांचा अडसर तोच, पण त्याला ढकलायला आता तरफ आखूड. व्यास निम्मा झाला की तीच ढील दुप्पट ताणावर सुटते. एक किलोचे दोन किलो झाले, आणि टोपीला कोणी हातही लावलेला नाही. मासा जितका लांब जातो तितकं रीळ कठोर होतं, नेमकं उलट हवं असताना.

दुसरी म्हणजे वाकलेली काठी. दोर काठीवरच्या कड्यांतून जातो आणि काठी वाकली की प्रत्येक कड्यावर घासतो. दोरखंड खुंटीला दोन वेढे दिला की एका हाताने बैल थोपवता येतो, त्याच तत्त्वाने प्रत्येक वळण ताण वाढवतं.

तिसरी सर्वांत फसवी. जड कपाट सरकवताना पहिला धक्का सर्वांत जास्त लागतो आणि एकदा हललं की ते सोपं जातं. चकत्यांचंही तसंच आहे. बसून राहिल्या, वाळल्या, मीठ धरलं की त्या आधी चिकटतात आणि मग एकदम सुटतात. त्या अर्ध्या क्षणात ताण एक किलोचा तीन किलो होऊ शकतो. चांगल्या रिळाची खूण म्हणून जास्तीत जास्त ढील किती हे बघू नये. ती सुरू होताना झटका देते का, हे बघावं. खोक्यावर छापलेला दहा किलोचा आकडा चपट्या माशासाठी बिनकामाचा आहे. होडीजवळ तो सूर मारेल तेव्हा एक किलोवर, न अडखळता, दोर सुटला पाहिजे. पतंगाच्या पेचात धाकट्याची बोटं जे करतात तेच.

दगा कुठे होतो

काही वर्षांपूर्वी मी एक स्वस्त रीळ घेऊन कोकणात गेलो होतो. दोन दिवस होडीत वापरलं, घरी आणून कपाटात ठेवलं. तीन महिन्यांनी मूठ फिरेना. मी रीळ बनवणाऱ्याला नावं ठेवली आणि मग कंटाळ्याच्या एका दुपारी ते उघडून बसलो. त्या दुपारी मला जे दिसलं ते जवळजवळ प्रत्येक बंद पडलेल्या रिळात दिसतं.

पहिला मेला होता तो दोर वळवणारा छोटा रोलर. दोर ज्यावरून वळून रिळावर येतो तो वाटाण्याएवढा भाग. प्रत्येक मीटर ओला दोर त्याच्यावरून जातो, म्हणून मीठ आणि वाळू पहिल्यांदा तिथे जमतात. रोलर फिरायचा थांबला की दोर एकाच जागी घासतो, धातूत खाच पडते आणि मग ती खाच प्रत्येक फेऱ्याला दोर कापते. माणूस म्हणतो, तंगूस खराब निघाला.

दुसरे स्क्रू. अॅल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा स्क्रू आणि मधे खारं पाणी, म्हणजे दोन वेगळे धातू आणि क्षार. हा शाळेतल्या प्रयोगवहीतला विद्युत घट झाला. त्यात अॅल्युमिनियम झिजतं, पांढरी पूड धरते आणि स्क्रू कायमचा रुतून बसतो. बसवतानाच स्क्रूच्या आट्यांना ग्रीसचं बोट लावलं तर हा घट तयारच होत नाही.

तिसरी बेअरिंगं. जाहिरातीत त्यांचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, जणू दहा बेअरिंगवालं रीळ पाचवाल्यापेक्षा दुप्पट टिकाऊ. खरं तर खाऱ्या पाण्यात प्रत्येक बेअरिंग म्हणजे गंजायची आणखी एक जागा. जिथे वेग कमी आहे तिथे पितळेची किंवा ब्राँझची साधी बुशसुद्धा वर्षानुवर्षं काम देते. आकडा मोजण्यापेक्षा मुख्य दाते कशाचे आहेत आणि सांगाडा लवतो का हे पाहिलं तर जास्त कळतं. भार आल्यावर सांगाडा लवला की दाते नीट जुळत नाहीत, आणि न जुळलेले दाते एकमेकांना खातात.

चौथी एक गंमत. विणलेला बारीक दोर थेट गुळगुळीत रिळावर बांधला तर त्याचा सगळा गठ्ठा रिळावर जागच्या जागी गरगरतो. ढील सैल पडली असं वाटतं, टोपी आवळली जाते, तरी दोर सुटतच राहतो. दोष ढिलीत नसतोच. खाली आधी तंगुसाचे काही वेढे दिले की पकड येते.

यातलं काहीही कारखान्यात घडलेलं नव्हतं. माझ्या कपाटात घडलं होतं. होडीतून उतरल्यावर पाच मिनिटांचं काम होतं. ढिलीची टोपी आवळायची, म्हणजे चकत्यांत पाणी शिरत नाही. रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडायची. नळाला बोट लावून जोराचा फवारा मारला तर तेच मीठ आणखी आत जातं. पुसून सावलीत वाळवायचं, रोलरवर तेलाचा एक थेंब टाकायचा. आणि शेवटी टोपी पूर्ण सैल करून ठेवायचं, नाहीतर मऊ चकत्या दाबल्या जाऊन तशाच बसतात आणि पुढच्या वेळी पहिला झटका देतात. बैल दिवसभर राबला की संध्याकाळी शिवळा काढून त्याचे खांदे मोकळे करतात. रिळाचीही टोपी संध्याकाळी मोकळी करायची असते.

पवईच्या तलावावर महाराष्ट्र राज्य अँगलिंग असोसिएशनच्या धक्क्यांवर गळ टाकून बसणाऱ्यांत अशी रिळं दिसतात, जी मालकाबरोबर म्हातारी झाली आहेत. तो तलाव १८९१ सालचा, मुंबईला पाणी पाजण्यासाठी बांधलेला आणि त्या कामाला फार काळ न आलेला. गोड्या पाण्याने रिळांना वय दिलं हे खरं, पण एवढंच कारण नाही. जुनं रीळ चार स्क्रूंत उघडतं, आत काय आहे ते दिसतं, आणि जे दिसतं ते दुरुस्त होतं. भरवसा ही यंत्रासोबत खोक्यातून येणारी वस्तू नाही. यंत्र उघडता येतं की नाही आणि आपण ते उघडतो की नाही, या दोन्हींवर ती अवलंबून आहे.

बाटली, पुन्हा एकदा

मग नदीकाठच्या त्या बाटलीचं काय? तिला दाते नाहीत, बेअरिंग नाही, स्क्रू नाही. बिघडण्यासारखं काहीच नाही. तिच्यापेक्षा भरवशाचं रीळ जगात नसावं. फक्त तिला ढील नाही. मोठा मासा लागला आणि पळू लागला की मुलगा तंगूस बोटांमधून सरकू देतो. दाब बोटांचा, घर्षण कातडीचं. जास्त दाबलं तर तंगूस तुटतो, कमी दाबलं तर मासा दगडाखाली शिरतो, आणि दोन्हींच्या मधे बोट कापतं. हाताने गरवणाऱ्या कोणाचीही तर्जनी बघा, पेरावर आडवी रेघ सापडेल. रिळाच्या आठशे वर्षांच्या इतिहासात माणसाने ती रेघ आपल्या बोटावरून काढून एका चकतीवर नेली. म्हणून चकतीची काळजी घ्यायची. ती आपलं बोट आहे.

आणि ती नीट लावली आहे की नाही हे तपासायला कोणतंही उपकरण विकत घ्यावं लागत नाही. नदीकाठची तीच एक लिटरची बाटली घ्या. तिच्यावरचा तंगूस सोडवा आणि तिच्यात काठोकाठ पाणी भरा. ती आता एक किलोची झाली. चार किलोच्या दोराचं टोक तिच्या गळ्याला बांधा, काठी बाजूला ठेवा, भरलेलं रीळ हातात धरून बाटली सावकाश उचला. बाटली जमिनीवरून सुटली आणि हवेत लटकून राहिली, तर ढील घट्ट आहे. जमिनीवरून हललीच नाही आणि दोर सरसर सुटत राहिला, तर सैल आहे. टोपी थोडी थोडी फिरवत राहा. बाटली उचलली जावी आणि लगेच, झटका न देता, संथपणे खाली उतरू लागावी. एवढं जमलं की होडीत बसायला हरकत नाही.